‘मु’ आणि ‘साठी’च्या मधोमध

आमचे हे पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत. तसं कुणी समजलं तर हे खुलतात, म्हणून आधीच सांगून टाकते. हे पाट्या रंगवणारे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, ‘येथे वाहने लावू नयेत’ अशा. गावात ह्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. ह्यांना पेंटर म्हणतात आणि मला पेंटरीणबाई. लग्नात नवऱ्याबरोबर त्याचा धंदाही गळ्यात पडतो, त्याला इलाज नाही.

ह्यांचा सगळा स्वभाव एका शब्दात मावतो: ‘बघतो.’ नळ गळतोय, ‘बघतो.’ मुलीला फोन करा, ‘बघतो.’ घराला आग लागली तरी हे आधी ‘बघतो’ म्हणतील आणि मग खरंच बघत उभे राहतील. पण अक्षराची गोष्ट निघाली की हेच गृहस्थ अंगात आल्यासारखे बोलायला लागतात. माझ्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट. मी रिक्षातून उतरतेय, कळांनी जीव चाललाय, आणि हे कुठे? दारात मान वर करून उभे. मी ओरडले, “अहो!” तर नर्सला विचारतायत, “ही पाटी कुणी लिहिली? ‘प्रसुतीगृह’ म्हणे! सू दीर्घ हवा, ति ऱ्हस्व. नेमकं उलटं केलंय.” नर्स म्हणाली, “आजोबांना आत घ्या.” तेव्हा ह्यांचं वय तिशीच्या आतलं. त्या ‘आजोबां’चं ह्यांना काही वाटलं नाही, ‘सु’चं मात्र मुलगी शाळेत जाईपर्यंत वाटत होतं.

गावातल्या सगळ्या दुकानदारांना ह्यांनी असं कधी ना कधी चारचौघांत झापलेलं आहे. औषधाच्या दुकानदाराचा ‘औषधी’, लॉन्ड्रीवाल्याचे ‘कपडे ईस्त्री’. आणि झापून झालं की ठरलेलं वाक्य: “माझ्या हातून आजवर एक अक्षर चुकलेलं नाही.” हे म्हणताना मान अशी ताठ, की मागून कुणी दांडा घातलाय.

लग्न झालं त्या सुरुवातीच्या दिवसांत मी ह्यांच्याबरोबर कामावर जायची. म्हणजे हे न्यायचे. फिरायला नेण्याची ह्यांची तीच कल्पना. खडूची दोरी ताणून हे भिंतीवर सरळ रेघ उमटवायचे, मग बारीक ब्रशने अक्षराची कड काढायचे, आणि जाड ब्रशने मी आत रंग भरायची. कड काढणं म्हणजे लिहिणं आणि आत भरणं म्हणजे नुसतं भरणं, असा ह्यांचा कायदा. त्यामुळे अर्ध्या गावाच्या पाट्यांत माझा हात आहे, पण मी आयुष्यात एकही पाटी लिहिलेली नाही. मुलगी झाल्यावर तेही सुटलं.

मग छापील बॅनर आले. सकाळी सांगा, दुपारी घ्या. दुकानदारांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, कारण छापणारा ऱ्हस्व-दीर्घावरून कुणाला झापत नाही. ह्यांच्या डब्यांतले रंग वाळून दगड झाले. हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले आणि समोरच्या बॅनरवरच्या चुका मला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. सुरुवातीला रोज, मग अधूनमधून. नंतर नुसतेच बसायला लागले. मी म्हणते, कटकट तरी करा. घरात कटकट करणारा माणूस गप्प झाला की भांड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

त्यातच उजवा हात थरथरायला लागला. कुणाला कळू नये म्हणून हे तो खिशात घालून ठेवतात. माझ्यापासूनही लपवतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि मला सांगतात, “गरम असला की असा धरायला बरा वाटतो.” मी म्हणते, “हो का?” एवढ्या वर्षांच्या संसारात मला एवढंही दिसू नये, अशी ह्यांची माझ्याबद्दलची समजूत आहे. तर ह्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, पुन्हा पाटी लिहायला मिळावी. तोंडाने कधी म्हणाले नाहीत. पण रस्त्यात कोरी भिंत दिसली की ह्यांची चाल मंदावायची. आणि मलाही, खरं सांगते, ह्यांच्यासाठी दुसरं काही नको होतं.

आता बागेचं.

गावाच्या मधोमध एक जागा आहे, तिला सगळे ‘बाईंची बाग’ म्हणतात. बाई म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, पण गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिरगळलेले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागची सगळी जमीन नगरपालिकेला देऊन टाकली. फाटकाजवळच्या भिंतीवर तसं लिहायचं काम ह्यांना मिळालं. आमचं लग्न तेव्हा नवंनवं. ‘ही जागा मुलांसाठी दिली आहे.’ बस्स, एवढंच लिहायचं होतं. पांढऱ्यावर निळी अक्षरं, हातभर उंचीची. हे शिडीवर, मी खाली डबा घेऊन. हे कड काढून पुढे सरकले की मी चढून आत भरायची. संध्याकाळी काम संपवून आम्ही घरी आलो.

सकाळी बाई फाटकापाशी उभ्या. ह्यांना म्हणाल्या, “पेंटर, मी जागा मुलांसाठी दिली हो. मुळांसाठी नाही. इथे काय गाजरं लावायचीत?”

ह्यांनी वर बघितलं. ‘मुळांसाठी.’ चांगला ठसठशीत, दोन पोटांचा ळ. तो मीच तर भरला होता. भरताना मला वाटलं, ह्यांनी काढलाय म्हणजे बरोबरच असणार. लग्न नवं होतं, असं वाटण्याचे दिवस होते ते.

ह्यांचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला. तिथल्या तिथे त्या अक्षरावर पांढरा हात मारला आणि तो ओला असतानाच वरून ‘लां’ लिहिलं. ओल्यावर ओलं चढवू नये, पुढेमागे पोपडा धरतो, हे मला ह्यांनीच शिकवलेलं. पण लोक उठायच्या आत उरकायचं होतं. घरी जाताना मला म्हणाले, “हे कुणाला सांगायचं नाही.” मी म्हटलं, “नाही सांगत. पण अहो, तो ळ आला कुठून?” तर म्हणाले, “बघतो.”

झालं. पुढे बाई गेल्या, बाग राहिली. पोरं खेळली, मोठी झाली, त्यांची पोरं खेळली. भिंतीवर काय लिहिलंय ते एका माणसाने मान वर करून कधी वाचलं असेल तर शपथ. आणि मग अलीकडे एका पावसाळ्यात नेमकं ते अक्षर, खालच्या ळ सकट, पोपडा धरून खाली आलं. राहिलं काय? ‘ही जागा मु’, मग हातभर कोरी जागा, मग ‘साठी दिली आहे.’ अक्षर होतं तोवर कुणाला वाचायचं नव्हतं. ते पडल्यावर सगळं गाव साक्षर झालं.

सुरुवात केली दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांच्याकडे वासराएवढा एक कुत्रा आहे. बाई बोलतात छान, पण समोरच्याने तोंड उघडं ठेवलंय आणि त्याला उत्तर देता येणार नाही अशा हिशेबाने बोलतात. त्यांचं म्हणणं, बागेत आता पोरं येतातच किती? ती घरात फोन घेऊन बसलेली असतात. कुत्री बिचारी दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेली. त्यांना साखळीशिवाय धावायला गावात इंचभर जागा नाही. हे काही खोटं नव्हतं. त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला की बाईंच्या बागेला कुंपण घालून तिथे ‘श्वान उद्यान’ करावं. कुत्र्याला श्वान म्हटलं की नगरपालिका लगेच उठून बसते.

ह्यावर पीटीचे मास्तर खवळले. मास्तरांना निवृत्त होऊन जमाना झाला, पण गळ्यात शिट्टी अजून आहे. रोज पहाटे बागेत पोरींना पळवतात. ते म्हणाले, “बाईंनी जागा मुलांसाठी दिली! भिंतीवर लिहिलंय!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कुठे लिहिलंय? मला तर तिथे ‘मुक्यांसाठी’ दिसतं. मुक्या जनावरांसाठी. बाईंचं मन मोठं होतं.” बाईंनी आयुष्यात एका मांजराला दूध घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण मेलेल्या माणसाचं मन मोठं करायला जातं काय?

नगरपालिकेत दानाचे कागद शोधले. सापडले नाहीत. ते कुठे गेले ह्याचा शोध घेण्यासाठी नवीन फाइल उघडली, ती अजून आहे. मग सगळ्यांना एकदम आठवलं की भिंत लिहिणारा माणूस जिवंत आहे.

मग काय विचारता! ज्या गॅलरीखालून लोक मान खाली घालून जायचे, तिथे थांबून “काय पेंटर, तब्येत काय म्हणतेय?” अशी चौकशी सुरू झाली. औषधवाला खोकल्याची बाटली घरपोच देऊन गेला. खोकला कुणाला नव्हता. कुणी ‘मुलांसाठी’ म्हणायचं, कुणी ‘मुक्यांसाठी’, आणि दोघांनाही आमच्या साहेबांचं एकच उत्तर: “बघतो.” मी आतून ऐकत होते. म्हटलं, चला, ह्या शब्दाला एकदाचा भाव आला.

एका दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. कुत्रा जिन्यात बांधून. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “पेंटर, उद्यान झालं की फाटकावर मोठी लोखंडी पाटी लावायची आहे. पण ते छापील नको बाई मला. त्याला काही जीव नसतो. तुमच्या हातची अक्षरं हवीत.”

ह्यांचा चेहरा असा काही उजळला की मीच बघत राहिले. मुलगी पहिली आली तेव्हाही असा उजळला नव्हता. बोलायच्या भरात हात खिशातून बाहेर आला, थरथरला, आणि पुन्हा आत गेला. डॉक्टर असून बाईंना दिसलं नाही. त्या दात बघतात.

“फक्त सभेत तेवढं सांगा,” उठताना त्या म्हणाल्या. “काय लिहिलं होतं ते. आठवतंय ना? मुक्यांसाठी.”

“बघतो,” हे म्हणाले.

त्या गेल्या आणि ह्यांनी माळ्यावरून ब्रश काढायला लावले. टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले. घरभर वास. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या दिवशी गप्प भाजी निवडत बसले. हे जमिनीवर जुना पेपर पसरून बसले, ब्रश धरला आणि एक आडवी रेघ ओढली. रेघ कसली, भूकंप. ह्यांनी पेपर चुरगळला, दुसरा घेतला. पुन्हा तेच. मी भाजीतून मान वर काढली नाही. तिसरा पेपर चुरगळल्यावर म्हणाले, “ब्रश खराब झालेत.”

“हो, पडून पडून होतात,” मी म्हटलं.

मग मीच म्हटलं, “म्हणा की मुक्यांसाठी. पोरं कुठेही खेळतात. बाई काय वरून तपासायला बसल्यात?”

“बाई?” हे दचकले. “बाई तपासतील.”

सभा रविवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्या बालवर्गातल्या. गावातली सगळी वजनदार मंडळी गुडघे हनुवटीला लावून बसलेली. एवढ्या गंभीर प्रश्नाला शोभेल असंच ते दृश्य होतं. नगराध्यक्षांना तेवढी मोठी खुर्ची होती. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की त्यांना मुलंही प्रिय आहेत आणि कुत्रीही, आणि हे सांगताना ते दोन्ही बाजूंना सारखेच हसले.

थोडी आरडाओरड झाल्यावर डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. “मी एकच विचारते. एवढ्या वर्षांत भिंतीवरचं एकही अक्षर हललं नाही. ‘ही’ आहे, ‘जागा’ आहे, ‘दिली’ आहे. आणि पडलं ते नेमकं हेच? रंगाला काय कळतं कुठलं पडायचं ते? हे कुणीतरी खरवडलंय. ज्याला ‘मुक्यांसाठी’ नको होतं, त्याने. पहाटे सगळ्यांच्या आधी बागेत कोण असतं?”

हॉलमधल्या सगळ्या माना पीटी मास्तरांकडे वळल्या. मास्तर उठले. तोंड लालबुंद. “मी? मी खरवडलं?” एवढंच म्हणाले. सवयीने हात शिट्टीकडे गेला, मग ती सोडून दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना सरळ उभं राहायला शिकवलेला माणूस, आणि तो पायातल्या पायात आखडून उभा. मला फार वाईट वाटलं.

अध्यक्षांना आयती वाट सापडली. “पेंटर, तुम्हीच सांगा. तुमच्या हातचं काम. तुमचं अक्षर असं आपोआप पडू शकतं का?”

आता बघा गंमत. ‘नाही’ म्हटलं की ह्यांच्या हाताची शान राहते, डॉक्टरीणबाईंची पाटी मिळते, आणि मास्तर चोर ठरतात. ‘हो’ म्हटलं की जन्मभर मिरवलेली ती ताठ मान गावासमोर खाली घालायची. दोन्हीच्या मधोमध हे, त्या बुटक्या खुर्चीवरून उठायची धडपड करत. मी काखेत हात घालून उठवलं.

“बघतो,” हे म्हणाले. हॉल हसला. मी कपाळावर हात मारला.

“पडतं,” हे म्हणाले. “चुकलेलं असलं तर पडतं.”

हशा थांबला.

“मी तिथे ल च्या ऐवजी ळ काढला होता. ‘मुळांसाठी.’ बाईंनी सकाळी पकडलं. मी ओल्या रंगावर दुसरा हात मारला. ओल्यावर मारलेलं टिकत नाही. टिकलं तेवढंच नवल. मास्तरांचा काही संबंध नाही. ते अक्षर मीच पाडलं, त्याच दिवशी.”

औषधवाला सगळ्यात आधी सावरला. “पेंटर, तुम्ही? तुम्ही ळ काढलात?” त्याच्या आवाजात ‘औषधी’चं इतक्या वर्षांचं दुःख होतं. लॉन्ड्रीवाला तर खुर्चीवर उभा राहायचा बाकी होता. अध्यक्षांनाही राहवेना. “अहो, पण ळ आला कुठून?”

हा प्रश्न मी पूर्वी विचारून बसले होते. मला वाटलं, ठरलेलं उत्तर येणार.

हे खाली बघत म्हणाले, “ही खाली डबा घेऊन उभी होती. आमचं नवीन लग्न. हिच्या कपाळावरच्या बटेला निळा रंग लागला होता आणि हिला पत्ता नव्हता. मी हिच्याकडे बघत होतो. हात आपला चालू होता.”

हॉल असा हसला की खिडक्यांची तावदानं वाजली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ह्या वयात, चारचौघांत, हे काय बोलणं? कानशिलं तापली माझी. आणि त्याच वेळी, सांगायला लाज वाटते, पण बरंही वाटत होतं. मला त्या दिवशी ‘बघतो’ म्हणाले होते. खरं म्हणजे ‘बघत होतो’ असं म्हणायचं होतं. पुढचं अर्धं वाक्य यायला आमची मुलगी चाळिशीला टेकली.

हे अजून उभेच होते. खिशातला हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता, आणि ह्यांनी तो थरथरू दिला. “आणि डॉक्टरीणबाई, ती तुमची पाटी आता माझ्याच्याने व्हायची नाही. तेव्हा हात चांगला होता आणि लक्ष नव्हतं. आता लक्ष आहे.” एवढं बोलून खाली बसले. पुन्हा कुणी हसलं नाही. मास्तरांनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

वाटेल की आता तरी प्रश्न सुटला. मुलांसाठी म्हणजे मुलांसाठी. पण मग हे गाव कसलं? मागच्या रांगेतून बँकेचे निवृत्त मॅनेजर उठले. त्यांना निवृत्तीनंतर झाडांचं वेड लागलंय. म्हणाले, “एक मिनिट! म्हणजे मूळ शब्द ‘मुळांसाठी’ होता! पहिला लेख तोच प्रमाण मानायला हवा. मुळं म्हणजे झाडं. ही जागा वृक्षांसाठी दिलेली आहे!” आणि शपथेवर सांगते, टाळ्या पडल्या. दहा मिनिटांपूर्वी गावात दोन पक्ष होते, आता तीन झाले. आमच्या ह्यांची एक चूक, तिला अनुयायी मिळाले.

अध्यक्षांनी समिती नेमली. समितीने चहा घेतला आणि गावात भांडण झालं की जो निकाल लागतो तोच लावला: अर्धी जागा कुत्र्यांना, अर्धी पोरांना, मध्ये जाळीचं कुंपण, आणि कुंपणाला लागून झाडं. सगळ्यांना सारखंच नाराज केल्यावर न्याय झाला असं समजायची पद्धत आहे. पाटीचं काम बॅनरवाल्याला गेलं. ह्यांनी ब्रश टर्पेंटाइनमधून काढले, पुसले आणि मला म्हणाले, “ठेव वर.” मी ठेवले नाहीत. ओट्याखाली सरकवून दिले.

उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्षांनी पाटीवरचा पडदा ओढला. दोन फाटकांच्या मधोमध भली मोठी चकचकीत पाटी. नियमांच्या दोन ओळी होत्या, त्या कॉम्प्युटरवर वरखाली करताना बॅनरवाल्याने शब्दांची अदलाबदल करून टाकली होती. आणि मंजुरीची सही करणाऱ्या सगळ्यांनी, बाईंच्याच विद्यार्थ्यांनी, न वाचताच सही केली होती. अध्यक्षांनी माइकवर खणखणीत आवाजात वाचलं: “कुत्र्यांनी झोपाळ्यावर उभे राहू नये. मुलांना साखळीशिवाय फाटकापर्यंत आणू नये.”

डॉक्टरीणबाईसुद्धा पोट धरून हसल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता हे बॅनरवाल्याला झापणार, माणसात येणार. ह्यांनी तोंडही उघडलं. मग मिटलं. “चुकतं माणसाचं,” म्हणाले. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आमच्या दारात. गावभर त्या पाटीचे फोटो फिरत होते. “पेंटर, नवी छापून येईपर्यंत तेवढा त्या दोन शब्दांवर हात मारा. कसाही मारा.”

“छापलेल्याला मी हात लावत नाही,” हे म्हणाले.

“मग निदान जुन्या भिंतीवरचं ते अक्षर तरी भरून टाका हो. पुन्हा कुणी काही वाचायला नको.”

ह्यांचा हात खिशात. मी म्हणाले, “आम्ही भरतो. आजच.”

हे माझ्याकडे बघायला लागले. “अगं, हात...”

“तुमचा थरथरतो. माझा नाही.”

पीटी मास्तरांनी शिडी आणली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. मास्तरांच्या पोरी पळायचं सोडून गोळा झाल्या. पलीकडे जाळीमागे डॉक्टरीणबाईंचा कुत्रा मोकळा सुटून गोल गोल धावत होता, चांगला खुशीत होता बिचारा. आधी आम्ही पोपडे नीट खरवडले, पांढरा हात दिला आणि तो पूर्ण वाळेपर्यंत कठड्यावर बसून राहिलो. ह्या वेळी घाई नव्हती. मग ह्यांनी खडूची दोरी एका बाजूने धरली, मी दुसऱ्या बाजूने, आणि रेघ मारली. दोरी ताणायला हात थरथरला तरी चालतो.

मी साडी खोचून शिडीवर चढले. बारीक ब्रश माझ्या हातात. आयुष्यात पहिल्यांदा. हे खाली डबा घेऊन उभे.

“आधी रेघेला धर. आता खाली ये. सावकाश. पोट लहान कर, पोट! ल आहे तो.”

“मला माहिती आहे कोण आहे तो.”

“आता काना. सरळ. अगं सरळ! टिंब सगळ्यात शेवटी.”

कटकट, कटकट, कटकट. किती दिवसांनी कानावर पडत होती. मी मुद्दामच सावकाश काढत होते. कड पुरी झाली तेव्हा मी खाली आले आणि ह्यांना जाड ब्रश दिला. आत भरायला हात थरथरला तरी बिघडत नाही, कड सांभाळून घेते. मास्तर आणि मी दोन्ही बाजूंनी शिडी धरली आणि हे चढले. दोन पायऱ्या चढून थांबले.

“बरं लिहिलंयस,” म्हणाले. भरलंयस नव्हे. लिहिलंयस.

मास्तरांसमोर रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी पदराने तोंड पुसलं, तर पदर निळा. केसांनाही लागला असणार. वर बघितलं तर ब्रश अक्षरात चालू आणि साहेबांची मान माझ्याकडे वळलेली.

“अहो, भिंतीकडे बघा,” मी ओरडले. “पुन्हा ळ होईल!”

“बघतोय,” हे म्हणाले.

बघत नव्हतेच.